साक्षीवाचूनचा त्याग : ‘मेक वे फॉर टुमॉरो’

अमेरिकन चित्रपटांविषयी आपल्याकडील सुशिक्षित मनुष्याचे मत बहुधा ठरलेले असते. त्यांचे तंत्र उत्तम, पण अंतरंग उथळ, असे तो म्हणतो. आणि त्यातही रडविणारा कौटुंबिक चित्रपट असला, तर ‘मेलोड्रामा’ हा एकच शब्द उच्चारून तो प्रकरण निकालात काढतो. फायलीवर शेरा मारावा तसा हा शब्द आपण वापरतो. शेरा मारला की फाईल पुन्हा उघडावी लागत नाही, एवढीच त्यातील सोय. प्रस्तुत लेखात अशीच एक बंद झालेली फाईल पुन्हा उघडण्याचा विचार आहे.

जबलपुरात अशा चित्रपटांची आठवण सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. छावणीच्या बाजूचे एम्पायर हे चित्रपटगृह एके काळी इंग्रजी चित्रपटांसाठी ओळखले जाई. पुढे ते नट प्रेमनाथ ह्यांच्या मालकीचे झाले, आणि ते बंद पडल्यालाही आता बराच काळ लोटला. जुना चित्रपट पाहावयाचा तर तो हल्ली घरीच, तबकडीवरून पाहावा लागतो. गेल्या हिवाळ्यात नेपियर टाउनमधील एका स्नेह्यांच्या घरी आम्ही चार-पाच मराठी कुटुंबे अशीच जमलो होतो. कोणी रेल्वेतले, कोणी वीज खात्यातले, कोणी न्यायालयातून निवृत्त झालेले. लिओ मॅकॅरी ह्यांनी १९३७ साली दिग्दर्शित केलेला ‘मेक वे फॉर टुमॉरो’ हा दीड तासाचा चित्रपट आम्ही पाहिला. चित्रपट संपला, दिवे लागले, चहा आला, आणि तो निवत राहिला. मग एक वयस्क गृहस्थ म्हणाले, “हा तर आपला ‘ऊन-पाऊस’!” त्यावर यजमानीणबाई जरा वेळाने म्हणाल्या, “पण त्या सुनेचे नेमके चुकले काय, ते मला कोणी सांगा.” त्या संध्याकाळी ह्या दोन वाक्यांपलीकडे फारसे कोणी बोलले नाही. मला मात्र घरी गेल्यावर असे वाटू लागले, की ह्या चित्रपटावरचे सगळे भाष्य ह्या दोन वाक्यांत आलेले आहे. ते फक्त उलगडून दाखवावयास हवे.

प्रथम ‘मेलोड्रामा’ ह्या शब्दाविषयी. त्याचे मूळ ग्रीक. ‘मेलोस’ म्हणजे गीत, आणि ‘ड्रामा’ म्हणजे नाट्य. शब्दशः पाहता त्याचा अर्थ ‘संगीत नाटक’ असाच होतो. ज्या भाषेची रंगभूमी १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’ने बहरास आली, त्या भाषेच्या माणसाने तरी ह्या शब्दाला नाक मुरडू नये. जेथे बोलणे अपुरे पडते तेथे गाणे यावे, आणि जेथे गाणेही अपुरे पडते तेथे अश्रू यावेत, ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. करुण हाच एक मूळ रस आणि इतर रस त्याचेच आकार, अशी भूमिका घेणारा भवभूती हा विदर्भातला. तेव्हा रडविणे हा दोष नव्हे. रडवून मनुष्याला कोठे नेऊन सोडले, हा खरा प्रश्न आहे. भडक नाटक प्रेक्षकाला त्याच्याच चांगुलपणाच्या कौतुकापाशी नेऊन सोडते. रडलो म्हणजे आपण मोठे हळवे, एवढे समाधान पदरात टाकते. श्रेष्ठ मेलोड्रामा हे समाधान हिरावून घेतो.

ह्या चित्रपटाची कथा चार ओळींत सांगता येते. बार्कली आणि ल्यूसी कूपर हे वृद्ध जोडपे. लग्नाला पन्नास वर्षे झालेली. बार्कलीला चार वर्षे काम नाही. घरावर कर्ज होते, ते फिटले नाही, आणि बँक घर ताब्यात घेणार. पाच मुलांपैकी चौघांना बोलावून ते ही बातमी सांगतात. दोघांना एकत्र ठेवून घेणे कोणालाच शक्य नसते. म्हणून ‘तात्पुरती’ सोय ठरते : आई न्यूयॉर्कला जॉर्जकडे राहील, वडील तीनशे मैलांवर कोराकडे राहतील. ही तात्पुरती सोय कधीच संपत नाही. पुढे वडिलांची प्रकृती बिघडते आणि त्यांना कॅलिफोर्नियातील पाचव्या मुलीकडे पाठवावयाचे ठरते. तिच्याकडेही एकाचीच जागा. आईसाठी वृद्ध स्त्रियांचा आश्रम. गाडी सुटण्यापूर्वी पाच तास दोघांना एकत्र मिळतात. गाडी सुटते. चित्रपट संपतो.

हे सारे १९३७ सालचे आहे हे ध्यानात ठेवावे. मंदीने अमेरिकेतील असंख्य कुटुंबांची घरे आणि शिल्लक गिळली होती. वृद्धांच्या निर्वाहाची तरतूद करणारा सामाजिक सुरक्षा कायदा तेथे १९३५ साली झाला खरा, पण त्याखालील मासिक वेतने १९४० साली सुरू झाली. कूपर दांपत्य ह्या दोहोंच्या मधल्या फटीत सापडलेले आहे. तरीसुद्धा हा चित्रपट पैशाविषयी आहे असे मला वाटत नाही. महिन्याच्या महिन्याला पेन्शन मिळणाऱ्या घरातही हीच कथा घडू शकते, घडते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मूळ अडचण खोलीची आहे. एका घरात किती माणसांची जागा असते, आणि ती जागा भिंती ठरवितात की मन, हा ह्या चित्रपटाचा विषय.

येथे यजमानीणबाईंच्या प्रश्नाकडे वळू. सुनेचे काय चुकले? जॉर्जची पत्नी अनिता घरी पत्त्यांच्या ब्रिज ह्या खेळाचे वर्ग चालविते. तो तिचा छंद नव्हे. त्या मिळकतीचा संसाराला आधार आहे. वर्गाच्या दिवशी घरात उंची पोशाखातील पाहुणे बसलेले असतात, आणि त्यांच्या मधोमध सासूबाई आपली झुलती खुर्ची आणून बसतात. खुर्ची कुरकुरते. त्या ह्याच्या-त्याच्या हातातील पाने पाहतात, काहीबाही बोलतात. अनिताच्या चेहऱ्यावर जे उमटते ते दुष्टपण नव्हे. ते थकलेपण आहे. तिची मुलगी आजीबरोबर एका खोलीत राहते, म्हणून मैत्रिणींना घरी बोलावीत नाही, बाहेर भटकू लागते. ह्या काळजीने अनिताची झोप उडालेली आहे. फे बेंटर ह्या अभिनेत्रीने ही सून अशी रंगविली आहे, की तिचा राग येण्याच्या क्षणीच तिची कीव येते. आपल्याकडील कौटुंबिक चित्रपटांत सून एकतर लक्ष्मी असते नाहीतर कैकेयी. मॅकॅरी तिला माणूस राहू देतात. आणि दुसऱ्या बाजूने, ल्यूसी ही देवता नाही हेही ते दाखवितात. ती लुडबुड करते, नको तेथे बोलते, आपल्या दुःखाचा थोडा उपयोगही करून घेते. दोन्ही बाजू बरोबर आणि दोन्ही बाजू दुःखी, अशी ही स्थिती. तेथे खलपुरुष नाही. म्हणूनच प्रेक्षकाला आपला राग काढावयास जागा नाही. तो राग हळूहळू आत वळतो.

त्याच वर्गाच्या संध्याकाळी एक प्रसंग घडतो. दूरध्वनी वाजतो. पलीकडे बार्कली असतो. ल्यूसीला यंत्राची सवय नाही. ती मोठ्याने बोलते. पाहुण्यांना आधी हसू येते, मग अडचण वाटते, आणि मग हळूहळू त्यांची पाने हातातच राहतात. ती विचारते ते काय? अंगावर गरम कपडे घालतोस ना, थंडी आहे, जप. ह्यापलीकडे काही नाही. शब्द इतके साधे, की पटकथेत ते कोरडे वाटतील. पण कॅमेरा ल्यूसीच्या पाठीकडे आणि ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे आहे. आपण तिच्याकडे पाहत नाही. तिच्याकडे पाहणाऱ्यांकडे पाहतो, आणि त्यांच्यात आपण स्वतःला ओळखतो. दुसरीकडे बार्कलीचा चष्मा फुटलेला असतो; पत्नीचे पत्र तो आपल्या ज्यू दुकानदार मित्राकडून वाचून घेतो. पत्र पुढे इतके खाजगी होते, की तो मित्र वाचावयाचे थांबतो. बार्कली निघून गेल्यावर हा म्हातारा दुकानदार आतल्या खोलीत असलेल्या बायकोला हाक मारतो. काम काहीच नसते. ती आहे ना, एवढे पाहावयाचे असते. लॉरेल आणि हार्डींच्या विनोदपटांत ज्याचा हात तयार झाला अशा दिग्दर्शकाचे हे काम आहे. विनोद आणि करुणा ह्यांच्यात किती थोडे अंतर असते, हे विनोदकारालाच नेमके ठाऊक.

आता चित्रपटाच्या मध्यबिंदूकडे येऊ. घरी आश्रमाच्या नावाचे एक पत्र आलेले ल्यूसीच्या दृष्टीस पडते. तिला सगळे उमगते. जॉर्ज तिच्यापुढे येऊन बसतो; सांगावयाचे आहे, पण जीभ वळत नाही. तेव्हा तीच बोलू लागते. मला येथे करमत नाही, माझ्या वयाच्या बायकांत मला बरे वाटेल, मी आश्रमात जाऊ का, असे ती उलट त्यालाच विचारते. मुलाच्या तोंडून जे वाक्य निघाले असते तर त्याला जन्मभर सलले असते, ते वाक्य ती स्वतःच्या अंगावर घेते. मग एकच अट घालते : ‘त्यांना’ हे कधी कळता कामा नये. आणि जाता जाता एक गुपित सांगते, की सगळ्या मुलांत तूच माझा लाडका. जॉर्ज पत्नीजवळ जाऊन, काहीतरी बोलून, आपली लाज झाकण्याचा प्रयत्न करतो. थॉमस मिचेल ह्या नटाचा चेहरा येथे पाहण्यासारखा आहे. त्याची सुटका झालेली आहे आणि त्याला शिक्षाही झालेली आहे, दोन्ही एकाच क्षणी.

हॉलिवुडच्या मेलोड्रामांत जे काही आध्यात्मिक म्हणता येईल ते माझ्या मते येथे आहे. चर्चच्या घंटांत किंवा देवदूतांत नाही. ह्या चित्रपटप्रकाराच्या उत्तम नमुन्यांत एक सूत्र पुनःपुन्हा आढळते : त्याग करावयाचा, पण तो ज्याच्यासाठी केला त्याला कळू द्यावयाचा नाही. त्याच १९३७ सालच्या ‘स्टेला डॅलस’मध्ये आई मुलीच्या भल्यासाठी तिला आपल्यापासून तोडते, आणि तिचे लग्न रस्त्यावर, पावसात, कुंपणाबाहेर उभी राहून खिडकीतून पाहते. ‘मॅग्निफिसंट ऑब्सेशन’ ही मूळ कादंबरी लॉइड डग्लस ह्या धर्मोपदेशकाची. तिचे १९३५ आणि १९५४ साली दोनदा चित्रपट झाले. तिच्यात तर हे सूत्र उघडच सांगितलेले आहे, की उपकार गुपचूप करावा आणि परतफेड घेऊ नये. ख्रिस्ताच्या उपदेशात ह्याचे मूळ आहे. आपल्याकडे गुप्तदान आणि निष्काम कर्म ह्या शब्दांनी तीच गोष्ट सांगितली जाते. पण उपदेश ऐकणे निराळे आणि पाहणे निराळे. ‘मॅग्निफिसंट ऑब्सेशन’मध्ये अखेर सारे उघड होते, आंधळीला दृष्टी येते, गुप्तदानाचे फळ जाहीर रीतीने मिळते. तेथे त्याग हा पुढे वटणारा धनादेश ठरतो. ल्यूसीचा त्याग वटत नाही. बार्कलीला तो कळत नाही; मुलांना तो अर्धाच कळतो. त्याला साक्षी कोण? फक्त आपण, अंधारात बसलेले. मेलोड्रामाची ही खरी शक्ती आहे : कथेतील कोणालाही न दिसलेली गोष्ट तो प्रेक्षकाच्या ओटीत घालतो आणि म्हणतो, आता तू हिचे काय करणार ते पाहा.

शेवटचे पाच तास हा ह्या चित्रपटाचा सर्वांत प्रसिद्ध भाग. मुलांनी निरोपाचे जेवण ठेवलेले असते. म्हातारा-म्हातारी तिकडे जातच नाहीत. न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून ती भटकतात. मोटारी विकणारा एक तरुण त्यांना बडे गिऱ्हाईक समजून गाडीतून फिरवितो, आणि खरे कळल्यावरही चिडत नाही. पन्नास वर्षांपूर्वी लग्नानंतर ज्या हॉटेलात ती उतरली होती तेथे ती जातात. तेथील व्यवस्थापक त्यांचा पाहुणचार करतो. नृत्याच्या दालनात वाद्ये वेगाची वाजू लागतात आणि दोघे गोंधळून उभी राहतात. हे पाहून वाद्यवृंदाचा प्रमुख, कोणी सांगितलेले नसताना, संथ वॉल्ट्झ सुरू करतो. एका क्षणी दोघे आपल्याकडे पाठ करून बसलेली असतात. ती जवळ येतात, आणि ल्यूसी एकदम मान वळवून मागे पाहते, थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे. आणि लाजून दूर होते. साक्षी आहे हे तिला जणू त्या एका क्षणी कळते. सबंध चित्रपटात ज्या त्यागाला कोणी पाहिले नाही तो आपण पाहिला. आणि जे पाहावयाचा आपल्याला अधिकार नाही ते मात्र ती आपल्याला पाहू देत नाही.

ह्या भागावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो लटका नाही. सारे परके इतके प्रेमळ कसे? साऱ्या शहराने एकाच दिवशी एवढे गोड व्हावे हे पटत नाही. कोरा ह्या मुलीचे चित्रणही अनितापेक्षा ढोबळ आहे. तिला तिची बाजू मांडावयास दिग्दर्शकाने फारशी संधी दिलेली नाही. हे दोष मान्य करूनही परक्यांच्या गोडव्याचा मला एक निराळा अर्थ दिसतो. परक्याला म्हातारा मनुष्य पाच तास भेटतो. पाच तासांत त्याच्या गोष्टी नवीन असतात, त्याचा बहिरेपणा गमतीचा असतो, त्याच्या आठवणी मौल्यवान असतात. घरच्या माणसाला तोच मनुष्य पाच हजार सकाळी भेटतो. चांगुलपणा स्वस्त की महाग हे ज्याच्यासाठी तो दाखवावयाचा त्याच्यावर नव्हे, तो किती दिवस दाखवावयाचा ह्यावर ठरते. चित्रपटाने मुलांची तुलना परक्यांशी करून मुलांना दोषी ठरविलेले नाही. परक्यांचे पुण्य किती हलके असते हे दाखविले आहे.

मग स्थानक. कॅलिफोर्नियात आपल्याला काम मिळेल आणि आपण तिला बोलावून घेऊ, असे बार्कली म्हणतो. ती हो म्हणते. न जाणो, पुन्हा भेट झाली नाही तर, म्हणून दोघे एकमेकांचे आभार मानतात, नुकतीच ओळख झालेल्या सभ्य माणसांसारखे. गाडी हलते. ती काचेतून हात हलविते, काही पावले चालते, आणि मग ती एकटी उभी आहे. ती वळते. एवढेच. निर्मात्यांना शेवट बदलून हवा होता. मॅकॅरींनी तो बदलला नाही. चित्रपट चालला नाही, आणि पॅरॅमाउंट कंपनीशी त्यांचा संबंध संपला. त्याच वर्षाच्या दुसऱ्या एका, हसऱ्या चित्रपटासाठी त्यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले, तेव्हा ते घेताना ते म्हणाले, की तुम्ही चुकीच्या चित्रपटाला पारितोषिक दिलेत. पुढे १९४४ साली ‘गोइंग माय वे’ ह्या पाद्र्यांच्या जीवनावरील चित्रपटात त्यांनी जे दृश्य शेवटी ठेवले ते ह्या पार्श्वभूमीवर पाहावे : वृद्ध धर्मगुरूची त्याहून वृद्ध आई आयर्लंडहून आणली जाते, आणि कित्येक वर्षांनी मायलेकरांची भेट होते. त्या चित्रपटाला सात ऑस्कर मिळाली. १९३७ साली जी भेट त्यांनी नाकारली होती ती १९४४ साली त्यांनी दिली, आणि जग कृतज्ञ झाले. दोन्ही चित्रपट चांगले आहेत. पण ज्यात धर्मगुरू आहेत तो धार्मिक, आणि ज्यात ते नाहीत तो अधिक आध्यात्मिक, असे मला वाटते.

आता पहिल्या वाक्याकडे : “हा तर आपला ‘ऊन-पाऊस’!” राजा परांजपे ह्यांचा, ग. दि. माडगूळकरांच्या लेखणीतून उतरलेला आणि सुधीर फडक्यांनी संगीत दिलेला ‘ऊन-पाऊस’ १९५४ साली आला. वृद्ध शाळामास्तर, त्याची पत्नी आणि त्यांना वाटून घेणारी मुले ही कथा मराठी प्रेक्षकाच्या जिव्हारी लागली. १९५३ सालच्या जपानी ‘टोकियो स्टोरी’वर तर मॅकॅरींच्या ह्या चित्रपटाची छाया असल्याचे सर्वमान्य आहे. अर्थात आईबापांची वाटणी ही काही कोणा एका देशाची कल्पना नव्हे. आपल्या भाषेत तिला एक शब्दच आहे : ‘पाळी’. चार महिने थोरल्याकडे, चार महिने मधल्याकडे. पाण्याची पाळी असते तशी आईची पाळी.

हाच विषय आपल्या नाटक-चित्रपटांनी पुढे कसा हाताळला? १९७० साली रंगभूमीवर आलेल्या कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राटा’त अप्पा बेलवलकर बोलतात. त्यांचा अपमान भाषेच्या वैभवाने तळपतो, आणि त्या तळपण्यात त्यांना, आणि आपल्यालाही, एक प्रकारचा न्याय मिळतो. २००३ सालच्या ‘बागबान’ ह्या हिंदी चित्रपटात तर बाप लेखक म्हणून यशस्वी होतो आणि भरल्या सभेत मुलांचा हिशोब चुकता करतो. प्रेक्षक टाळ्या देतो. टाळी दिली की ऋण फिटते. ल्यूसी कूपरला कवितेची भाषा नाही, सभाही नाही. तिने कोणाला शाप दिला नाही आणि कोणाला जाहीर क्षमाही केली नाही. म्हणून टाळी देता येत नाही. मराठीत ह्या मौनाच्या जवळ जाणारे उदाहरण मला त्याच १९३७ सालच्या ‘कुंकू’त दिसते. आपल्या वार्धक्याने एका तरुण मुलीचे आयुष्य अडविले हे उमगलेले काकासाहेब अखेरीस स्वतःच वाटेतून दूर होतात. तो अन्याय करणाऱ्याचा प्रायश्चित्तरूप त्याग आहे, हा निरपराधिनीचा. पण उद्यासाठी वाट मोकळी करून देणे दोन्हीकडे आहे.

चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर बायबलमधील आज्ञा येते : आईबापांचा मान राखावा. आपल्याकडे ही आज्ञा कोणत्या पाटीवर लिहिलेली नाही. ती पंढरपुरी विटेवर उभी आहे. आईबापांचे पाय चेपणाऱ्या पुंडलिकाने देवाला थांबावयास सांगितले, आणि देव थांबला. पण ह्या कथेचा पूर्वार्ध आपण कीर्तनातून ऐकतो आणि विसरतो. प्रचलित कथेप्रमाणे हाच पुंडलिक आधी आईबापांचा छळ करणारा होता. काशीच्या वाटेवर कुक्कुटमुनींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले, तेव्हा आईबाप जिवंत होते आणि हाताशी होते. देव थांबला ही नवलाची गोष्ट खरी. परंतु त्याहून नवलाची गोष्ट ही, की आईबाप थांबलेले होते. मॅकॅरींच्या चित्रपटात मुलांचेही डोळे उघडतात. जेवण तसेच पडलेले असते. आपण किती नालायक आहोत हे त्यांना कळते. आणि त्याहून बोचते ते हे, की वडिलांनाही ते कळले होते. निरोपाला स्थानकावर जावे की न जावे असा प्रश्न निघतो, आणि जॉर्ज मुद्दाम वेळ जाऊ देतो, निदान शेवटची घटका त्या दोघांना एकान्ताची मिळावी म्हणून. तोवर गाडीची वेळ झालेली असते. पुंडलिकाला जाग आली, पण एका गाडीने उशिरा आली, असा हा चित्रपट आहे.

ही कथा आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतील माणसांना निराळी लागू पडते. आपल्यातील पुष्कळांनी आईबापांना घराबाहेर काढलेले नाही. आपणच घराबाहेर पडलो. सातारा, सांगली, अमरावती येथील घरात ते राहिले, आणि आपण नागपूर, जबलपूर, बिलासपूर असे सरकत गेलो. १८७० साली मुंबईची आणि कलकत्त्याची लोहमार्गाची टोके ह्याच जबलपुरात जुळली. तेव्हापासून येथील फलाटाने मराठी माणसांचे किती निरोप पाहिले असतील त्याची गणती नाही. २००७ साली आपल्या देशात आईबापांच्या निर्वाहाचा कायदा झाला. तो आवश्यकच होता. आपण मंडळी त्या कायद्यात सहसा सापडणार नाही. पैसे आपण वेळच्या वेळी पाठवितो. पण ‘अंगावर गरम कपडे घालतोस ना’ हे कोणत्या कलमाखाली येते?

माझी आई शेवटची काही वर्षे सहा महिने पुण्याला थोरल्या भावाकडे आणि सहा महिने येथे माझ्याकडे असे. पाळी ठरलेली होती आणि ती कधी चुकली नाही, ह्याचा मला अभिमान वाटे. दर खेपेला निघताना ती म्हणे, “मला तिकडेच बरे वाटते रे.” भावाकडून निघतानाही ती हेच म्हणत असे, हे तो मला तिच्यामागे, तेराव्याच्या दिवशी बोलता बोलता म्हणाला. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. हा चित्रपट त्या आधी पाहिला असता तर मला ते वाक्य वेळीच ऐकू आले असते की नाही, हे मी सांगू शकत नाही. कलाकृती माणसाला सुधारते असा माझा दावा नाही. ती कान थोडे तीक्ष्ण करते, इतकेच.

तेव्हा यजमानीणबाईंना उत्तर असे, की सुनेचे फारसे काही चुकले नाही. लेकाचेही फारसे नाही. ज्याचे त्याचे थोडे थोडेच चुकले, आणि त्या थोड्याथोड्याची बेरीज एका म्हातारीने कोणाला न सांगता आपल्या नावे मांडून घेतली. ज्यांच्या घरी आई अजून पाळीने येते त्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा. शक्य तर ती आलेली असताना, तिच्या शेजारी बसून.